नगर ते द्रास : स्टुअर्ट रणगाड्याच्या मागावर

पहिला दिवस : नगर

स्टुअर्ट हा अमेरिकन हलका रणगाडा बघायला अमेरिकेला जावे लागत नाही. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये तो उभा आहे. भारतीय चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र याच गावात आहे आणि संग्रहालय १९९४ पासून लोकांना खुले आहे. गर्दी असते ती १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हाती लागलेल्या पॅटन रणगाड्याभोवती. स्टुअर्टजवळ फारसे कोणी थांबत नाही, त्यामुळे तो चारही बाजूंनी निवांत न्याहाळता येतो. ओळखपत्र जवळ ठेवा आणि तासाभरापेक्षा जास्त वेळ काढून जा. १९४८ मध्ये असेच स्टुअर्ट काश्मीरमधली झोजीला खिंड चढून द्रासच्या दिशेने गेले, त्यांच्या मागावर हा नऊ दिवसांचा प्रवास.

कुठलाही स्टुअर्ट समोर आला की आधी त्याचा प्रकार ठरवावा. चिलखताच्या पाट्या उभ्या आणि त्यांवर रिव्हेटांच्या टपोऱ्या रांगा दिसल्या तर तो सुरुवातीचा एम ३. बाजू आणि पाठ दोन्ही तिरक्या, सगळे जोडकाम वेल्डिंगचे, तर एम ३ ए ३. बाजू उभ्या, पुढची पाटी सपाट तिरकी आणि मागचा इंजिनावरचा भाग पायरीसारखा उचललेला असेल तर एम ५. ती पायरी रेडिएटरसाठी करावी लागली.

हा फरक दिसण्यापुरता नाही. एम ३ मध्ये कॉन्टिनेंटल कंपनीचे सात सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे विमानाचे इंजिन आहे, ताकद सुमारे २५० अश्वशक्ती. सिलिंडर चक्राच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले असल्यामुळे इंजिन उंच, म्हणून मागचा भागही उंच. इंजिन मागे आणि गिअरबॉक्स पुढे, त्यामुळे त्यांना जोडणारा शाफ्ट माणसे जिथे बसतात त्या जागेच्या मधोमध, बऱ्याच उंचीवरून जातो. पहिल्या एम ३ मध्ये टरेटला, म्हणजे वरच्या फिरत्या मनोऱ्याला, खाली स्वतःची फरशी नव्हती. टरेट फिरला की आतल्या दोघांना शाफ्टवरचे आवरण ओलांडत त्याच्याबरोबर सरकावे लागे. पुढे टरेटला खाली लोंबणारी फरशी दिली, पण शाफ्ट तिथेच राहिल्याने जागा आणखी आवळली. हा तिढा सुटला तो एम ५ मध्ये. तिथे कॅडिलॅक मोटारीची दोन व्ही-८ इंजिने शेजारीशेजारी बसवली, प्रत्येकी ११० अश्वशक्ती, जोडीला आपोआप गिअर बदलणारी हायड्रामॅटिक पेटी. शाफ्ट खाली गेला आणि चालकाचे काम निम्म्यावर आले. त्याबदल्यात रेडिएटर आले, म्हणजे पाणी आले, आणि थंडीत पाणी गोठण्याची चिंताही आली.

विमानाच्या इंजिनाची एक खोड माहीत असावी. रणगाडा बराच वेळ उभा राहिला की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठते. तसाच स्टार्टर मारला तर पिस्टन त्या तेलावर आदळतो. तेल दाबले जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी मागून हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचे, तेल बाहेर काढायचे आणि मगच चालू करायचे. घाईत ही पायरी गाळली की इंजिन उतरवण्याची वेळ येते.

आता मापे. एम ३ चे वजन सुमारे पावणेतेरा टन, लांबी साडेचार मीटर, रुंदी सव्वादोन मीटर. चिलखत पुढे ३८ ते ४४ मिलिमीटर, बाजूंना २५. सपाट रस्त्यावर वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत. पेट्रोल सुमारे २०० लिटर आणि त्यावर पल्ला जेमतेम १२० किलोमीटर. तोफ ३७ मिलिमीटरची, सोबत १०३ गोळे. माणसे चार, त्यांतली दोन टरेटमध्ये. एक तोफ चालवणार आणि दुसरा कमांडर. गोळा भरायचे कामही या कमांडरचेच. ऐन चकमकीत ज्याने बाहेर बघायचे त्याचीच मान आत खाली असते. तोफेच्या नळीच्या बारीकपणावर सगळे बोट ठेवतात, पण या रणगाड्याची खरी उणीव ही दोन माणसांची टरेट आहे, असे आमचे मत.

दुसरा दिवस : झेलम एक्सप्रेस

पुण्याहून जम्मूतवीला जाणारी झेलम एक्सप्रेस नगरला थांबते. रात्री बसले की पूर्ण दिवस गाडीत. खिडकीबाहेरच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे फार नाही, तेव्हा या रणगाड्याचा आधीचा प्रवास इथेच उरकून घेऊ.

अमेरिकन रणगाड्यांची दुसऱ्या महायुद्धातली पहिली रणगाड्यांशी गाठ फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावर, २२ डिसेंबर १९४१ रोजी जपान्यांशी पडली, ती एम ३ घेऊनच. त्याआधी महिनाभर लिबियाच्या वाळवंटात ब्रिटिशांनी हेच रणगाडे जर्मनांसमोर उभे केले होते. यंत्र म्हणून ते ब्रिटिश सैनिकांना इतके आवडले की त्याला ‘हनी’ म्हणू लागले. ब्रिटिश रणगाडे वाटेत बंद पडत आणि हा पळत राही. लढाईत मात्र ३७ मिलिमीटरची तोफ जर्मन रणगाड्याला समोरून भेदण्यासाठी फार जवळ जावे लागे आणि तेवढ्या अंतरात जर्मन तोफा आधीच काम उरकत. नुकसान प्रचंड झाले. मग ब्रिटिशांनी स्टुअर्टला टेहळणीवर लावले आणि कित्येकांच्या टरेट काढूनच टाकल्या. उंची कमी, वजन कमी, लपायला सोपा.

पॅसिफिकच्या बेटांवर चित्र उलटे. तिथे समोर जड रणगाडे नव्हते, होती ती माणसे आणि नारळाच्या ओंडक्यांचे बंकर. ३७ मिलिमीटरचा स्फोटक गोळा दुबळा, त्यात जेमतेम ४० ग्रॅम टीएनटी. पण त्याच तोफेतून डबागोळा सुटे, त्यात १२२ पोलादी गोळ्या असत. झाडीतून अंगावर येणाऱ्या रांगेवर त्याचा परिणाम भयंकर होई. न्यू गिनीत बुनाजवळ डिसेंबर १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियनांनी बंकरच्या फटीत गोळे घालण्यासाठी स्टुअर्ट वापरले. तिथे घात केला तो झाडांच्या बुंध्यांनी. पोट बुंध्यावर टेकले की ट्रॅक हवेत फिरत राहतात आणि रणगाडा जागचा हलत नाही. पायदळाने शेजारी चालून जमीन दाखवायची आणि रणगाड्याने फटीत मारायचे, ही जोडी जुळली तिथे बंकर पडले.

भारताचा धागा ब्रह्मदेशातून येतो. १९४२ च्या फेब्रुवारीत रंगूनला उतरलेली ब्रिटिशांची स्टुअर्ट ब्रिगेड माघार घेत चिंदविन नदीपर्यंत आली. तराफ्यावरून नदीपार गेला तो एकच रणगाडा, बाकीचे तिथेच निकामी करून टाकावे लागले. वाचलेल्याचे नाव ‘कर्स ऑफ स्कॉटलंड’. पुढे तो टरेट काढलेल्या अवस्थेत सातव्या लाइट कॅव्हलरी या भारतीय रणगाडा रेजिमेंटच्या कमांडिंग ऑफिसरचे वाहन झाला. स्वतः ही रेजिमेंट १९४४ मध्ये इंफाळला स्टुअर्टवरच लढली. सातवी कॅव्हलरी आणि टरेट काढलेला स्टुअर्ट, ही जोडी चार वर्षांनी पुन्हा जमणार होती.

तिसरा दिवस : जम्मू, अखनूर

गाडी सकाळी पोचते. दुसऱ्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. एवढी एक गोष्ट घरूनच नीट करून निघा. जम्मूहून अखनूर तीसेक किलोमीटर. चिनाबवरचा पूल ओलांडला की पुढे सुंदरबनी, नौशेरा, राजौरी. १९४७-४८ च्या भारत-पाकिस्तान युद्धात या पुलाला जे महत्त्व होते ते आजही आहे. पुलांचे आणि चौक्यांचे फोटो काढू नयेत.

चौथा दिवस : नौशेरा ते राजौरी

नौशेऱ्यापर्यंत सकाळी पोचा, कारण पुढचा टप्पा हळू चालवण्यासारखा आहे. एप्रिल १९४८ मध्ये इथून राजौरीकडे जी तुकडी निघाली तिच्यात सेंट्रल इंडिया हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे स्टुअर्ट होते. रस्त्यावर सुरुंग, पाडलेली पाइनची झाडे, उडवलेल्या मोऱ्या. या सगळ्यातून रणगाड्यांना वाट काढून देणारा अधिकारी होता बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीचा सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. गाव कारवारजवळचे चेंडिया, रेजिमेंटचे घर पुण्याजवळची खडकी. परमवीरचक्र जिवंतपणी मिळवणारे ते पहिले.

८ एप्रिलला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा आला. दोन सॅपर ठार, राणे धरून पाच जखमी. तरी संध्याकाळपर्यंत रणगाडे पुढे सरकले. पुढच्या तीन दिवसांचा क्रम बघितला की सॅपरचे काम कशाला म्हणतात ते कळते. ९ तारखेला पहाटे सहापासून दुपारी तीनपर्यंत रणगाड्यांसाठी वळणवाट तयार करणे, मग अर्धा मैल पुढे आडवी पडलेली झाडे स्फोटाने उडवणे, तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. त्यापुढे उडवलेली मोरी, तिला बगल देऊन आणखी एक वळणवाट. १० तारखेला पावणेपाचला सुरुवात, मशीनगनच्या माऱ्यात. ११ तारखेला रात्री दहापर्यंत. १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

गाडीतून जाताना डोंगराच्या कुशीतले प्रत्येक वळण मोजा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला तवीचे पात्र. सव्वादोन मीटर रुंद रणगाड्याला अशा जागी झाड आडवे पडले तर बगल नाही. पुढचा अडला की मागचे सगळे अडले. झाड ओढून काढावे तर त्याखाली सुरुंग असू शकतो, म्हणून ते जागीच उडवायचे. मोरी उडाली असेल तर दगड भरून उतार करायचा, पण उतार तेरा टनांखाली खचला तर रणगाडा नाल्यात कलंडतो. काही टप्प्यांत रणगाडे थेट तवीच्या पात्रात उतरले. गोल गोट्यांवरून रबरी ठोकळ्यांचे ट्रॅक घसरतात आणि मध्ये दगड अडकला तर ट्रॅक उतरतो. तरी ते गेले. तीस टनांच्या शर्मन रणगाड्याला ही मोकळीक मिळाली असती असे वाटत नाही.

वाटेत चिंगस लागते. मुघल सराईसाठी लोक इथे थांबतात, जहांगीरची आतडी इथे पुरल्याची कथा सांगतात. थांबावेच, पण सराईच्या भिंतीवरून खाली नदी आणि रस्ता एकत्र दिसतात तेही बघावे. मुक्काम राजौरीला.

पाचवा दिवस : राजौरी ते बटोत

राजौरीहून थानामंडी, बाफलियाज, पीर की गली करत शोपियानला उतरणारा मुघल रोड उन्हाळ्यात खुला असतो आणि देखणा आहे. श्रीनगरला जायला तो जवळचाही पडतो. आम्ही मात्र परत जम्मूकडे उतरायचा सल्ला देऊ, कारण १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट बनिहालच्या वाटेनेच काश्मीर खोऱ्यात गेले. दिवस कंटाळवाणा जातो. उधमपूरनंतर चेनानी-नाशरीचा सव्वानऊ किलोमीटरचा बोगदा टाळून पटनीटॉपवरून जुन्या रस्त्याने बटोतला या. रणगाडे अशाच वळणांनी चढले.

सहावा दिवस : रामबन, बनिहाल, श्रीनगर

मोहिमेची पार्श्वभूमी थोडक्यात. १९४८ च्या उन्हाळ्यात झोजीला, द्रास आणि कारगिल पाकिस्तानी हल्लेखोरांच्या हाती गेल्यामुळे लेहचा रस्ता तुटला होता. सप्टेंबरमध्ये ब्रिगेडियर अटल यांच्या ७७ पॅरा ब्रिगेडचे पायदळाचे हल्ले झोजीलाच्या कड्यांवरून मागे फिरले. तेव्हा मेजर जनरल थिमय्या यांनी रणगाडे वर चढवायचे ठरवले आणि जबाबदारी सातव्या कॅव्हलरीचे लेफ्टनंट कर्नल राजिंदरसिंग ‘स्पॅरो’ यांच्यावर आली.

अडचण पहिली : पूल. रामबनला चिनाब ओलांडताना खाली बघितले की प्रश्न समजतो. त्या काळच्या या रस्त्यावरचे पूल ट्रकसाठी होते. उपाय असा की टरेट उतरवून ट्रकवर वेगळी न्यायची, खालचा सांगाडा स्वतःच्या इंजिनावर चालवायचा आणि पूल लागला की एका वेळी एकच वाहन सोडायचे. शिवाय टरेट नसलेला आणि ताडपत्री टाकलेला स्टुअर्ट लांबून रणगाडा वाटत नाही. श्रीनगरमधून ते नेताना संचारबंदी लावली होती.

टरेट उतरवणे म्हणजे नुसते उचलणे नव्हे. आधी गोळे रिकामे करायचे, रेडिओच्या आणि दिव्यांच्या तारा सोडवायच्या, तोफ सरळ करून जखडायची, मग टरेट ज्यावर फिरते त्या गोल कड्यावरचे बोल्ट काढून क्रेनने सरळ वर घ्यायचे. तिरके उचलले तर खालची फरशी सांगाड्यात अडकते. कड्याचा व्यास सुमारे १ मीटर १९ सेंटिमीटर. त्याच्या दातांत वाळू शिरली की परत बसवल्यावर टरेट अडखळत फिरते, म्हणून ते उघडे भोक आणि दाते वाटभर झाकून न्यायचे. परत बसवले की तोफेची आणि दुर्बिणीची नेमरेषा पुन्हा जुळवायची. ते राहिले तर पहिले दहा गोळे डोंगरात जातात.

अडचण दुसरी : पेट्रोल. जम्मू ते बालताल सुमारे चारशे किलोमीटर. एम ३ च्या हिशेबाने सपाटीवरही तीन-चार टाक्या लागतात, घाटात खालच्या गिअरमध्ये याहून बऱ्याच जास्त. म्हणजे रणगाड्यांच्या मागे पेट्रोलचे ट्रक आलेच.

आज बनिहालहून काझीगुंडला जाणारा साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा २०२१ पासून चालू आहे. त्याच्या वर १९५६ चा जवाहर बोगदा. रणगाडे गेले ते त्याहून वर, नऊ हजार फुटांच्या आसपासच्या जुन्या बोगद्याने. जवाहर बोगद्यापर्यंत जुन्या रस्त्याने चढा, तिथून वरच्या वळणांचा अंदाज येतो. श्रीनगरला संध्याकाळ होते.

सातवा दिवस : श्रीनगर ते बालताल

सोनमर्ग बोगदा जानेवारी २०२५ मध्ये उघडल्यापासून हा टप्पा सोपा झाला आहे. सोनमर्ग सुमारे नऊ हजार फूट, बालताल थोडे वर. उद्या साडेअकरा हजार फूट गाठायचे असल्यामुळे इथेच झोपा. श्रीनगरहून थेट द्रासला धावणाऱ्यांना पहिल्या रात्री डोकेदुखी हमखास गाठते.

बालतालला टरेट पुन्हा बसवल्या. वर जाणारी वाट खेचरांची होती. तिला रणगाड्याची वाट केली ती मेजर थंगराजू यांच्या मद्रास सॅपर्सनी, बऱ्याचदा रात्री आणि वरून मारा चालू असताना. अशा वाटेत नुसती रुंदी पुरत नाही. रणगाड्याचे वजन दोन अरुंद ट्रॅकवर येते, स्टुअर्टचा ट्रॅक तीस सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. दरीकडचा ट्रॅक भरावावर असतो. भराव सैल राहिला तर कड ढासळते. म्हणून रुंदी वाढवायची ती शक्यतो डोंगर फोडून, दरीकडे माती टाकून नव्हे. आणि पाणी मुरू नये म्हणून आतल्या बाजूने चर ठेवायचा.

आठवा दिवस : झोजीला, गुमरी, मटायन

झोजीलावर वाहने ठरलेल्या वेळांत, एका दिशेने सोडतात. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आदल्या संध्याकाळी सोनमर्गला पोलिसांकडे विचारून घ्या. पाऊस झाला असेल तर दरड ठरलेली.

१ नोव्हेंबर १९४८. हल्ला आधी ऑक्टोबरमध्ये व्हायचा होता, हवामानाने पुढे ढकलला गेला. त्या दिवशीही बर्फ होतेच. दुपारी स्टुअर्ट खिंडीत शिरले, थिमय्या स्वतः पुढच्या रणगाड्यात होते असे सांगतात. समोरच्यांना या उंचीवर रणगाडे येतील याची कल्पना नव्हती. दगड रचून केलेल्या मोर्च्यांच्या फटींत ३७ मिलिमीटरचे गोळे शिरू लागले. वाळवंटात हसे झालेली तोफ इथे पुरेशी ठरली, कारण समोर चिलखत नव्हते आणि त्यांच्या मशीनगन स्टुअर्टचे चिलखत भेदू शकत नव्हत्या.

माथा ओलांडून गुमरीच्या खोलगट मैदानात गाडी थांबवा आणि दोन्ही बाजूंचे कडे बघा. चबुतरा आणि मुकंद अशी त्यांची लष्करी नावे. स्टुअर्टची तोफ वर उचलते ती फक्त वीस अंश. सपाटीवर उभे राहून दोनशे मीटर उंचीवरच्या मोर्च्याला मारायचे तर निदान साडेपाचशे मीटर लांब राहावे लागते. पायथ्याशी गेले की मोर्चा तोफेच्या वर निघून जातो. अरुंद खिंडीत रणगाडे निरुपयोगी आणि गुमरीसारख्या मोकळ्या जागेत एकदम उपयोगी, याचे भूमितीत दडलेले कारण हे. म्हणून खिंडीतून लवकर बाहेर पडणे हाच हल्ल्याचा गाभा होता. ते साधले आणि त्यामागून पायदळ गुमरीत उतरले.

इंजिनांचे काय होत असेल? या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास. कार्ब्युरेटरचे इंजिन तितकीच ताकद गमावते, २२० अश्वशक्तीचे दीडशेवर येते. हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच, त्यामुळे मिश्रण दाट होते, काळा धूर निघतो, प्लग काजळतात. झोजीलाच्या बहुतेक वर्णनांत एम ५ चे नाव येते. त्या रणगाड्याला जोडीला रेडिएटरची काळजी. रात्री पाणी काढून टाकायचे किंवा ठरावीक वेळाने इंजिन चालवायचे, आणि चालवायचे तर वर चढवून आणलेले पेट्रोल जाळायचे. ओल्या बर्फावर रबरी ट्रॅक घसरतात, रात्री तोच चिखल गोठून ट्रॅक जमिनीला धरून ठेवतो. मुक्कामाला फळ्या किंवा दगडांवर रणगाडा उभा करणे हाच साधा इलाज.

मटायन ४ नोव्हेंबरला हाती आले. गुमरी ते मटायन आज तासाभराचाही रस्ता नाही.

नववा दिवस : पंद्रास, द्रास

मटायनच्या पुढे दरी पुन्हा आवळते आणि इथे स्टुअर्टची मर्यादा उघडी पडते. पंद्रासच्या अरुंद जागेवरच्या टेकड्या धरून बसलेल्यांना हटवायला दहा-अकरा दिवस गेले, आणि ते काम रात्री टेकड्या चढणाऱ्या पायदळाने केले. द्रास १५-१६ नोव्हेंबरला, कारगिल २३-२४ ला, आणि तिथे लेहकडून आलेल्या तुकडीशी गाठ पडली. राजिंदरसिंगांना महावीरचक्र मिळाले.

द्रासला १९९९ चे युद्धस्मारक सगळे बघतातच. परतताना झोजीलाची वेळ चुकली तर रात्र द्रासमध्येच काढावी लागते, तेव्हा गरम कपडे गाडीच्या टपावर बांधू नका, हाताशी ठेवा. खिंड बंदच झाली तर कारगिलमार्गे लेह गाठून विमानाने परतणे हा एकच भरवशाचा मार्ग उरतो. तेवढे दोन दिवस हातचे ठेवूनच परतीचे तिकीट काढावे.